जकात नाक्यापलीकडचे हेडाऊजी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: नत्थूजी हेडाऊ. हे उत्तर ऐकून आमच्या घरचे लोक थोडे नाराज होतात. मला शिकता यावे म्हणून वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवले. कुहीच्या शाळेतल्या गुरुजींनी मला आपल्या घरी बसवून गणित शिकवले. या सगळ्यांच्या आधी एका सातवी पास प्रयोगशाळा सहायकाचे नाव यावे, हे त्यांना पटत नाही. हेडाऊजींनाही पटले नसते. ते म्हणाले असते, "उपकार ठेव बाजूले. खड्डा बुजवला काय?"

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपूरला सीताबर्डीहून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचे कार्यालय होते. कुठे कारखाना, वसाहत किंवा गोदाम उभे राहायचे असले, की आधी तिथली माती आणि पाणी तपासायचे, हे आमचे काम. जमीन वजन पेलेल का, सांडपाणी कुठे जाईल, आसपासच्या विहिरींचे काय होईल, याचा अहवाल लिहायचा आणि खाली सही करायची. मी बी.एस्सी. होऊन कनिष्ठ संशोधक म्हणून नुकताच लागलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. पदवीचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून खोलीत अशा ठिकाणी टांगले होते, की दार उघडल्याबरोबर येणाऱ्याला दुसरे काही दिसू नये. नोकरी मात्र अजून कच्ची होती. वर्षभराचे काम पाहून साहेब ती पक्की करणार होते.

हेडाऊजी हुद्द्याने माझ्या हाताखाली आणि वयाने वडिलांएवढे. उमरेडच्या विणकर घरातले. मागावरून उठून ते सरकारी नोकरीत आले, पण माग त्यांच्या बोटांतून गेला नव्हता. बोलताना सुद्धा त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत असायचा, जणू मधे एखादा धागा आहे. चष्मा होता, पण तो कायम शर्टाच्या खिशात. का लावत नाही विचारले, तर म्हणत, "लावला न् पडला तर फुटन."

त्यांची एक गंमत माझ्या लक्षात यायला महिना लागला. कार्यालयात ते मला "साहेब" आणि "तुम्ही" म्हणत. आमची जीप उमरेड रोडचा जकात नाका ओलांडून शहराबाहेर पडली, की पुढच्याच वाक्याला मी "बीएस्सी" आणि "तू" व्हायचो. परत येताना नाका आला, की पुन्हा साहेब. मधल्या वेळात रागावणे, टोमणे मारणे, माझ्या डब्यातले लोणचे न विचारता घेणे, सगळे चालायचे. एकदा परतीच्या वाटेवर ते मला रागावत असतानाच नाका आला. ते वाक्य अर्ध्यात सोडून म्हणाले, "तर तुम्ही पायजा साहेब, तुमच्या सोयीनं." उरलेले रागावणे त्यांनी पुढच्या दौऱ्यासाठी राखून ठेवले, आणि नाका ओलांडल्यावर तिथूनच सुरू केले.

मातीचा दोरा वळण्याची चाचणी पुस्तकातही आहे. ओली माती काचेवर तळहाताखाली लाटायची, आगकाडीपेक्षा जरा जाड दोरा करायचा, आणि किती ओलाव्याला तो तुटू लागतो हे पाहायचे. माझ्या पहिल्या आठवड्यात हेडाऊजी माझ्यासमोर बसले, डोळे मिटले आणि माती लाटू लागले. दोरा अजून अखंड होता, तेवढ्यात म्हणाले, "तुटते आता." आणि तुटला. मी ओलावा काढला. तो पुस्तकातल्या कोष्टकात बसला. मला याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला वाईट वाटले. मी तीन वर्षे शिकलो होतो ते त्यांनी डोळे मिटून केले.

मातीचे त्यांचे वर्गीकरण कुठल्याच पुस्तकात नव्हते. एक साडीची माती, एक धोतराची, एक पोत्याची. आमच्याकडे जिला कन्हार म्हणतात, ती काळीभोर चिकण जमीन त्यांच्या मते साडीची. "सूत लय बारीक," ते म्हणत, "पण स्वभाव जावयाचा. पाणी भेटलं की फुगून बसते, नाई भेटलं की तोंड वासते." एखादी माती ते चिमूटभर जिभेवरही ठेवत. मी आरोग्याच्या दृष्टीने त्यांना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हात धुऊनच खातो गा मी."

विहिरींच्या बाबतीतही तसेच. पाण्याचा नमुना घ्यायचा, बाटलीवर लेबल लावायचे, प्रयोगशाळेत पाणी जड की हलके ते काढायचे, ही माझी पद्धत. हेडाऊजी विहिरीवर गेले, की आधी पाणी भरणाऱ्या बायांशी बोलत.

"काय वं बाई, या पाण्यात तुरीची डाळ शिजते काय?"

"शिजते ना. काहून, जेवाले थांबता काय?"

"थांबलो असतो. पण या आमच्या साहेबाले भूक नाई, बाटली पाहिजे."

जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे मलाही माहीत होते. पण अहवालात डाळ कशी लिहायची? एकदा माझ्या आकड्यांप्रमाणे एका गावची शाळेजवळची विहीर चांगली ठरली आणि मारुतीजवळची वाईट. हेडाऊजींच्या डाळीप्रमाणे बरोबर उलट. मी आकड्यांवर ठाम राहिलो. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मीच चोरून पुन्हा नमुने तपासले, तेव्हा कळले की बाटल्यांची लेबले मी अदलाबदल करून लावली होती. मी खालच्या मानेने सांगितले. हेडाऊजी बाटल्या धूत होते. मान वर न करता म्हणाले, "डाळीले लेबल लागत नाई, साहेब." कार्यालयात होतो म्हणून साहेब.

पण त्यांचा खरा हट्ट खड्ड्यांचा. तपासणीसाठी खणलेला खड्डा काम झाल्यावर बुजवायचा, हा नियम होता. बाकीचे लोक माती आत लोटून निघून जात. हेडाऊजींना ते चालत नसे. बुजवायचे काम ते मजुराला देत नसत, मला देत. हातभर माती टाकायची, आत उतरून पाय द्यायचा, घट्ट झाली की पुढचा थर. बी.एस्सी. झालेला माणूस शेतात पँट वर करून उभ्याउभ्या माती तुडवतो आहे, हे पाहायला गावातली माणसे जमत. मी एकदा कुरकुरलो, तेव्हा म्हणाले, "पोकळ राहिला न् कोणाची गाय पाय मोडून बसली, तर तिले तुझा रिपोर्ट दाखवशीन काय?" एकदा तर आम्ही निम्म्या वाटेवर आल्यावर त्यांना शंका आली, की एका खड्ड्यात मी वरचा थर तुडवला नाही. जीप वळवली. शंका खरी होती.

हे सगळे सांगतो आहे, कारण पुढे जे झाले ते या हट्टाच्या माणसाच्या हातून झाले.

कुहीच्या बाजूला एका गावाजवळ कापड रंगवण्याचा कारखाना व्हायचा होता. रंगाचे वापरलेले पाणी साठवण्यासाठी एक मोठा कच्चा तलाव खणायचा, आणि त्यासाठी कन्हारीचे एक शेत पाहून ठेवले होते. शेत अंजनाबाई नावाच्या म्हातारीचे. शेतापासून उताराने दोनशे पावलांवर गावाची विहीर. गावात पिण्याजोगे पाणी तेवढ्या एका विहिरीला, बाकीच्या खारट. तलावातले पाणी जमिनीत मुरले, तर ते आधी त्या विहिरीत जाणार. मुरते की नाही, एवढेच आम्ही सांगायचे होते.

भाद्रपद संपत आला होता. आम्ही दोन खड्डे खणले, पाणी भरले, पट्टी उभी केली आणि दर अर्ध्या तासाने पाणी किती उतरले ते लिहिले. उतरलेच नाही म्हणा ना. संध्याकाळपर्यंत पट्टी जिथल्या तिथे. इतके सुंदर आकडे मला तोवर मिळाले नव्हते. मी बांधावर बसूनच वाक्य तयार केले: "या जमिनीतून पाणी जवळजवळ झिरपत नाही. जागा तलावास योग्य."

हेडाऊजी खड्ड्याजवळ उकिडवे बसून राहिले होते.

"बीएस्सी," ते म्हणाले, "तीन महिने पाणी पिऊन बसली ही जमीन. पोट भरलेल्याले तू जेवतो काय विचारून राहिला."

"मग कधी विचारायचे?"

"वैशाखात."

"अहवाल दिवाळीआधी हवा आहे, हेडाऊजी."

त्यांनी पट्टी उपसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "त्या तलावातला गाळ कसा काढन ते लोक? वाच बरं तुझ्या फाइलीत."

मी फाइल उघडून वाचले आणि मराठीत सांगितले. दर उन्हाळ्यात तलाव कोरडा करायचा, तळ वाळू द्यायचा, गाळ खरवडायचा आणि मग पुन्हा पाणी सोडायचे.

"म्हणजे वैशाखात तळ उघडा?"

"हो."

"न् वरून रंगाचं पाणी?"

"हो. पण जमीन झिरपत नाही ना. आज पाहिले ना आपण."

"आमच्या आळीत रंगाचं पाणी घरामागं फेकत," हेडाऊजी म्हणाले. "मी पोट्टा होतो तवा. एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी जांभळं झालं. मायनं तेच गाळून पाजलं आम्हाले, दुसरं नव्हतं."

मला राग आला. आता कळते, की ते बरोबर आहेत असे वाटल्यामुळेच आला. मी म्हणालो, "चाचणीची पद्धत पुस्तकात दिली आहे. पुस्तकात वैशाख लिहिलेला नाही."

"कुहीचाच ना गा तू? उन्हाळ्यात वावराच्या भेगेत तुझं कधी काही पडलं नाई?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग उठले. "जाय, तू सामान घेऊन जीपकडं चाल. खड्डे मी बुजवतो."

एवढ्या दिवसांत त्यांनी हे काम माझ्याकडून कधी काढून घेतले नव्हते. मला वाटले, रुसले. ते बऱ्याच वेळाने आले आणि मागच्या सीटवर बसले. त्यांच्या पायांना माती लागली आहे की नाही, ते मी पाहिले नाही. नाका ओलांडल्यावर म्हणाले, "साहेब, उद्या तुम्ही सही कराल तवा मी बाटल्या धुतो." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी मी सही करत असताना ते पलीकडच्या खोलीत बाटल्या धूत होते. त्या आधीच धुतलेल्या होत्या.

साहेबांनी अहवालाचे कौतुक केले. तो वर गेला. हिवाळा गेला. हेडाऊजींनी त्या शेताचे नाव पुन्हा काढले नाही, आणि नाका ओलांडल्यावरही नाही. ते बोलले असते तर मी भांडलो असतो. न बोलणाऱ्याशी कसे भांडणार?

मार्चअखेर ते सेवानिवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. दोन शब्द बोला म्हटल्यावर म्हणाले, "बाटल्या वरच्या फळीवर हायेत," आणि खाली बसले. मी त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. उमरेडच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभा. मी त्यांना तब्येतीची काळजी घ्या असे दोनदा सांगितले. कंडक्टरने घंटी दिली. तेव्हा हेडाऊजींनी खिशातून चष्मा काढला, तो डोळ्यांना लावला, आणि मला डोक्यापासून पायापर्यंत असे पाहिले, जसे नवीन आलेल्या मातीच्या नमुन्याकडे पाहावे. मग चष्मा परत खिशात ठेवला.

"जातो गा, बीएस्सी," ते म्हणाले.

जकात नाका अजून कितीतरी पुढे होता.

वैशाखात मी चार दिवस कुहीला गेलो. एका सकाळी बाबांबरोबर शिवारात गेलो असता त्यांची चुन्याची डबी हातातून निसटली आणि भेगेत गेली. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. लागली नाही.

"गेली," बाबा म्हणाले. "तुही पेन्सिल अशीच गेली होती ना रे? तिसरीत होता. दिवसभर रडला तू."

मी खाली बसलो आणि त्या भेगेकडे पाहत राहिलो. माझी मूठ आत जात होती. मला पेन्सिल आठवली, तिचा रंग आठवला, ती आत पडल्यावर काहीच आवाज आला नव्हता तेही आठवले. आणि मी अंजनाबाईंच्या शेतात बसून, फाइल मांडीवर घेऊन, "नाही" म्हणालो होतो.

नागपूरला परतल्यावर मी साहेबांकडे जीप मागितली. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "अहवाल गेला आहे. पुढच्या महिन्यात तुमच्या नोकरीचा कागद माझ्यासमोर येईल. आता आपलेच काम खोटे ठरवून काय मिळणार तुम्हाला?" जीप मिळाली नाही. मी एक बादली, दोर आणि मोजपट्टी घेऊन एस.टी.ने गेलो. कंडक्टर बादलीकडे पाहून म्हणाला, "काहून साहेब, तिकडं बादल्या नाई भेटत काय?"

नवे खड्डे खणायला सोबत सब्बल नव्हती. गावात कोणाची तरी मागू, असा विचार करत मी शेतात पोचलो. तिथे बाभळीच्या काट्यांचे दोन ढीग होते. काटे बाजूला केले, तर खाली आमचे दोन खड्डे. जसेच्या तसे. कडा थोड्या ढासळलेल्या, आणि तळातून अंगठा जाईल अशा भेगा फुटलेल्या.

मागून अंजनाबाई आल्या. "तूच काय गा बीएस्सी?"

"हो."

"लय दिवस लावले बाप्पा. ते हेडाऊजी सांगून गेले, बीएस्सी येईन, तोवर कोणाले बुजू देऊ नोको. माही बकरी दोनदा पडता पडता वाचली."

"कधी सांगितले त्यांनी?"

"तवाच ना. चिखल होता तवा."

मी विहिरीवरून पाणी आणून पहिल्या खड्ड्यात ओतले. गुळगुळ आवाज आला आणि पाणी नाहीसे झाले. दुसरी बादली. तिसरी. पट्टी वाचायची तयारी केली होती, पण ती भिजतच नव्हती. अंजनाबाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आमच्या विहिरीचं पाणी तू भेगेत कायले टाकून राहिला?"

मी माझा अहवाल लेखी परत मागितला. त्याबद्दल माझी नोकरी आणखी सहा महिने कच्ची राहिली, मग पक्की झाली. तलावाची जागा पुढे बदलली, आणि ती कोणाच्या दूरदृष्टीने बदलली यावर बरीच भाषणे झाली. पण यातले काहीच माहीत नसताना, त्याच आठवड्यात, मी हेडाऊजींना उमरेडच्या पत्त्यावर पत्र लिहिले. उत्तर आले नाही. पत्र वाचायचे म्हणजे चष्मा लावणे आले, आणि तो त्यांनी कशाला लावला असेल? त्या पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे आहे, ती खाली देतो.

*

श्री. नत्थूजी हेडाऊ यांस,
सविनय नमस्कार.

विषय: तपासणीचे खड्डे न बुजवल्याबाबत.

आपण सेवेत असताना अंजनाबाईंच्या शेतातील दोन खड्डे बुजवतो असे सांगून बुजवले नाहीत, ही बाब निदर्शनास आली आहे. हे नियमात बसत नाही. बकरीचा जीव दोनदा धोक्यात आला. तरी याबाबत आपणांस जाब विचारावा, असे मला वाटले होते.

पहिल्या खड्ड्यात सहा बादल्या गेल्या, दुसऱ्यात चार. पट्टी भिजली नाही. मी अहवाल परत मागितला आहे. कारण लिहिले आहे, की चाचणी चुकीच्या ऋतूत केली. सही माझी होती म्हणून चूकही माझीच लिहिली. वैशाखाचे कोणी सुचवले असे साहेबांनी विचारले, तेव्हा मी तुमचे नाव सांगितले. ते म्हणाले, ते तर सातवी पास होते. मी म्हणालो, हो.

तुम्ही त्या दिवशी विचारले होते, भेगेत तुझे कधी काही पडले नाही काय. मी नाही म्हणालो होतो. पडली होती. पाटीवरची पेन्सिल. तिसरीत होतो.

माझ्या नोकरीचे काय होईल ते कळत नाही. बाबांना अजून सांगितलेले नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतो आहे.

एक विचारायचे आहे. मी गेलोच नसतो तर? तुम्ही वैशाखभर वाट पाहिली असती, की अंजनाबाईंना निरोप देऊन बुजवून घेतले असते? मला उत्तर नको. विचारावेसे वाटले म्हणून विचारले.

दोन्ही खड्डे बुजवून आलो. थर टाकून, पाय देऊन.

आपला,
बीएस्सी